नळीवरचं नाव

प्रिय छकुली,



रविवारी उपासनेनंतर तुझ्या दादाला पाळकपणाच्या शिक्षणासाठी शाल घालून निरोप दिला. जेवताना तू पुटपुटलीस, "त्याला पाचारण झालं मामा, मला नुसती नोकरी लागली." मी तेव्हा भातात तोंड घातलं. उत्तर आत्ता देतो.

मी ३४ वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं, ते केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापलं. खिळे जुळवायला दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ साली निघालं. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. कुठली वेलांटी कुणी बसवली, कोण सांगणार? पण ती चुकली असती तर वचनच चुकलं असतं.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचंही तसंच. रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावताना तू नाव दोनदा ताडून पाहतेस. त्या पेशंटने तुझं तोंडही पाहिलेलं नसतं. शेजाऱ्यावर प्रीती करायची म्हणजे आणखी काय करायचं असतं, मला तरी कळलेलं नाही.

पाचारण मठातल्यांनाच होतं, ही समजूत सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मोडली. मोची, लोहार, शेतकरी, सगळ्यांचं काम त्याने त्यात धरलं. बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापालाही देव हसून दाद देतो, असं १५२२ साली लिहिलं. (तुझ्या वडिलांना हे जरूर सांग.) इथवर मी त्याच्या बाजूचा. पण ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहावं, हा त्याचा सूर मला पचत नाही. जन्मावरून काम वाटणाऱ्या मुलखात तो फार जणांच्या सोयीचा पडतो. आपल्या पणजोबांनी गावचं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, मी तर त्यालाही पाचारणच म्हणतो.

आणि जादा तासांचे पैसे मागितले की तुमचे साहेब "सेवा समजा" म्हणतात ना? त्यांना याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचायला दे. अडवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडते आहे. पैसे माग, लाजू नकोस.

सोमवारी उपाशीपोटी साखर तपासायला येतो. नळीवर माझं आडनाव नीट घाल, तिथे सगळे चुकतात.

तुझा,
मामा