घाटाखालचा समुद्र

कळंबला समुद्र दिसत नाही. पश्चिमेला माथेरानचा डोंगर आडवा पसरलेला, पूर्वेला भीमाशंकरची निळी रांग, मधे भाताची खाचरं आणि पोशीर नदीचं पात्र. रायगड जिल्हा म्हटलं की लोकांना अलिबाग, मुरुड, नारळी-पोफळी आठवतात. आमच्या कर्जत-खालापूरच्या वाट्याला त्यातलं काही आलेलं नाही. आमच्याकडे समुद्र येतो तो पावसाळ्यात, ढगांतून, मीठ मागे ठेवून. सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो, ओढ्या-वहाळांनी खाली उतरतो, खाचरांत थोडा रेंगाळतो, पोशीरमधून उल्हासला आणि उल्हासमधून वसईच्या खाडीला मिळतो, आणि तिथे पुन्हा खारा होतो.

माझ्या घरात मात्र तो बारा महिने खाराच असतो. खिडकीच्या उन्हापासून दूर, भिंतीच्या गारव्याला, काचेच्या टाकीत. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ. स्वयंपाकघरातलं नव्हे, सागरी माशांसाठी वेगळं मिळतं ते. ढवळताना पाणी दुधाळ होतं, मग हळूहळू निवळतं. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारी क्लाउनफिशची जोडी, थोडी प्रवाळं, एक गोगलगाय, आणि खडकांवर जांभळट गुलाबी शेवाळाचा टणक लेप. पण नुसतं मीठ घातलं म्हणून पाण्याचा समुद्र होत नाही. त्याला हलावं लागतं. प्रवाळ जागचं उठत नाही. त्याचा घास, त्याचा श्वास, त्याची घाण, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या हवाली. ही ये-जा इथे चंद्र करत नाही. मुठीएवढा एक पंप करतो.

अशा पंपाची घरघर मी पहिल्यांदा ऐकली ती मुंबईत. नेरळहून लोकल, दादरला गाडी बदलून चर्नी रोड, आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं, हे पुढे कधीतरी वाचलं. तेव्हा वडिलांचं बोट धरून पाहिला तो हिरवट अंधार, उजळलेल्या काचा आणि काचांना चिकटलेली मुलांची नाकं. माझे कान भिंतीमागे लागलेले. तिथे काहीतरी अखंड चाललं होतं, कुणाला न दिसता. रस्त्यापलीकडे खरा अरबी समुद्र होता, आणि तरीही आतल्या पाण्याला कुणीतरी सतत हलवत होतं.

पंपात असतं तरी काय? तारांचं वेटोळं, त्याच्या पोटात एक चुंबक आणि चुंबकाला जोडलेला पंखा. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते आणि तो चुंबक तिच्याबरोबर तेवढेच फेरे घेतो, मिनिटाला 3000. वीज आणि पाण्याचं नातं या मुलखाला जुनंच आहे. 1915 साली खोपोलीला आणि 1922 साली भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रं सुरू झाली. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून कोसळू लागलं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. तिथे पाणी चाक फिरवतं. माझ्या टाकीत चाक पाणी फिरवतं.

एखाद्या दिवशी गुणगुण जाड होते, खरखरते, आणि प्रवाळांचं डोलणं मंदावतं. बटण बंद करायचं, प्लग काढायचा, मगच पाण्यात हात. वायरीवर मिठाचे पांढरे खवले चढलेले असतात. जाळी काढून, झाकण फिरवून पंखा दोन बोटांत धरून ओढला की चुंबक आधी सोडतच नाही. आत खेचत राहतो आणि मग एकाएकी हातात येतो. दांडा सिरॅमिकचा, घाई केली तर मोडतो. पात्यांवर करड्या चुन्याचा थर, त्यावर गुलाबी ठिपके, आणि कडेच्या खाचेत मोहरीएवढ्या पांढऱ्या, वेटोळ्या नळ्या. एकेका नळीत एकेक किडा राहत होता, त्या सगळ्या भोवंडीच्या शेजारी.

निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, त्यात पंखा सोडायचा. बारीक बुडबुड्यांची रांग वर येऊ लागते आणि चुना विरघळत जातो. ते बुडबुडे बघता बघता मन कुठल्या कुठे जातं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 400 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्यातूनच प्रवाळ आपला सांगाडा घडवतं, त्यातूनच गोगलगाय शंख वळते, त्यातूनच बेटांना पुरून उरतील असे खडक उभे राहतात, आणि त्यातूनच माझा पंप अडतो. मोटारीच्या उबेजवळ थर सगळ्यात जाड, कारण पाणी तापलं की चुना धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. जिथे ऊब मिळेल तिथे समुद्र घर बांधायला घेतो.

आणि मी ते घर उतरवते.

राग येत नाही कधी. जुन्या मऊ ब्रशने पाती, खाचा, चुंबकाची खोली घासते, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुते, टाकीत परत सोडण्याआधी बादलीत चालवून पाहते. असा छोटा पंखा सुरू होताना कधी डावीकडे फिरतो, कधी उजवीकडे. ते त्याचा तोच ठरवतो. आधी हवेचे फुगे थुंकतो, अडखळतो, आणि मग पाण्याला ओढ लागते. मिटलेली प्रवाळं एकेक करून उमलतात, क्लाउनफिश त्या धारेत तोंड घालून जागच्या जागी पोहत राहतात, आणि खिडकीबाहेर भीमाशंकरवर ढग जमत असतात.

वाऱ्या-पावसात आमच्याकडची वीज जाते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. खाऱ्या, कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो, आणि चुन्याने धरलेला पंप वीज आल्यावरही अनेकदा फिरत नाही. तेव्हा तुमच्या घरी असा समुद्र असेल, तर मृग लागण्याआधी पंप उघडा, आवाज बदलण्याची वाट पाहू नका. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन सोडा, म्हणजे ओघळणारा थेंब बोर्डात शिरणार नाही, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवा.