घरचा स्टुडिओ आणि गाण्यावरचे नाव

आपल्या वस्त्यांत गाणी लिहिणारे आणि गाणारे कधीच कमी पडले नाहीत. कमी पडले ते गाणे टिकवून ठेवण्याचे साधन. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी लोकांच्या तोंडी राहिली. पण गावोगावच्या कितीतरी गायकांचा आवाज त्यांच्याबरोबरच गेला. पुढे कॅसेटचा जमाना आला. आमच्या वडिलांची तीन गाणीही एका कंपनीच्या कॅसेटवर आली. वेष्टनावर त्यांचे नाव नव्हते, मानधन तर दूरच. वडील कुणाला काही बोलले नाहीत, पण पुन्हा त्यांनी वही उघडली नाही.

वडिलांच्या पश्चात आम्ही दोघा भावांनी ती वही पुढे ठेवून, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, घरच्या घरी स्टुडिओ मांडला. जुना संगणक, दोन माइक लावता येतील असा एक छोटा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि हेडफोन, एवढेच सामान. कंडेन्सर माइकला इंटरफेसमधूनच ४८ व्होल्ट वीज द्यावी लागते, ते बटण दाबले नाही तर तो मुकाच राहतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आम्हाला पुरले.

लोक सांगत, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. पण त्याने बाहेरचा आवाज अडत नाही. आवाज फटीतून शिरतो, म्हणून दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवली. खोलीत घुमणारा आवाज शोषायला आईच्या गोधड्या कामी आल्या. गायकाच्या पाठीमागे दोन आणि बाजूला एक अशा दोरीवर टांगल्या. पंखा व फ्रीज बंद करायचे आणि दुपारी दोन ते चार हीच वेळ धरायची, कारण तेव्हा नळाला पाणी नसते आणि शेजारी झोपलेले असतात.

गाणारा माइकपासून एक वीतभर अंतरावर, किंचित तिरपा उभा राहतो. त्यामुळे 'प' आणि 'भ' म्हणताना येणारा श्वासाचा धक्का थेट माइकवर बसत नाही. ढोलकी आधी नोंदवतो, पेटी नंतर, आवाज शेवटी. आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवतो. हळू नोंदलेले पुढे वाढवता येते, फाटलेला आवाज मात्र सुधारत नाही.

१४ एप्रिलच्या आधीचे दोन महिने कामाला उसंत नसते. मागे एका मंडळाने दहा गाण्यांचे काम आणले. कवीचे नाव लिहायचे नाही, एवढीच त्यांची अट होती. त्या महिन्याचे खोलीचे भाडे थकले होते. घरात रात्रभर बोलणे झाले. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मामंजींचं झालं ते दुसऱ्याचं आपल्या हातून होऊ द्यायचं का?" काम परत केले. भाडे उसनवारीने भागवले. तेव्हापासून आमचा नियम ठरला: कवी, गायक, वादक यांची नावे आधी कागदावर, मग रेकॉर्डिंग.

कायदाही कवीच्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर गाण्याच्या रॉयल्टीतला कवीचा वाटा करारावर सही घेऊनही सहजी काढून घेता येत नाही. म्हणून कुठेही सही करण्याआधी कागद वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचवून घ्यावा.

प्रत्येकाला स्टुडिओ मांडणे जमणार नाही, पण मोबाइल आज बहुतेक घरांत आहे. घरात जात्यावरच्या ओव्या, पाळणे, जुनी गाणी येणारी आजी किंवा आत्या असेल तर या रविवारी तिच्याजवळ बसा. फोन येणार नाही अशी व्यवस्था करून मोबाइल उशीवर, तिच्या तोंडापासून वीतभर ठेवा. सुरुवातीला तिचे नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलवून घ्या. मग दोन ठिकाणी प्रत ठेवा.