कस्तुरी, मीठ आणि सोयाबीन

दिवाळीच्या तोंडावर वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग लागतात. हर्रासी चालू असते आणि कास्तकार आपल्या ढिगाशी उभा असतो. व्यापारी मूठभर दाणे उचलतो, ओलावा बघतो, आकडा बोलतो, पुढे सरकतो. चार महिन्यांच्या राबण्याचा निकाल तेवढ्यात लागतो. माझं लक्ष मालापेक्षा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे जातं. भाव पडला की तो मान खाली घालतो, जणू किंमत त्याचीच ठरली.

२०२१च्या पावसाळ्यात हेच सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, मग नवा माल आला आणि दिवाळीपर्यंत भाव निम्म्यावर उतरला. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. पेरणारा तोच, वावरही तेच. मग एका साली तो हुशार आणि दुसऱ्या साली नालायक कसा ठरला? शेतकरी आत्महत्यांवरून २००६ साली आलेल्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वाशीम होतं. कर्जाच्या आकड्याइतकीच त्यामागची लाज माणसाला खाते, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, पोहरादेवी आहे. रामनवमीला इथे देशभरातून बंजारा समाज लोटतो. संत सेवालाल महाराजांना मानणाऱ्या या लोकांनी शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला. फौजांच्या छावण्यासुद्धा त्यांच्या लदेणीवर जगल्या. मग आगगाडी आली. १८६७ साली ती वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि ज्या मालाला तांड्याला महिने लागत, तो काही दिवसांत जाऊ लागला. अख्ख्या समाजाचा धंदा बसला. वर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची टांगती तलवार. ती १९५२ साली हटली. बैल हाकणाऱ्यांचं कौशल्य काही एका रात्रीत आटलं नव्हतं. रस्ताच दुसऱ्याच्या हाती गेला होता. तांडे डोंगराच्या कडेने थांबले, मुरमाड जमिनी फोडल्या, पोरं शाळेत घातली. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुली तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. मात्र कुणी तेवढ्या उंचीवर पोचलं म्हणून बाकीच्यांचं जगणं सार्थ ठरत नाही. मुरमात ज्वारी पिकवून घर उभं करणारी आजीही तितकीच सार्थ जगली, असं मी मानतो.

पैशाच्या बाजूने बघायचं तर याच जिल्ह्यातलं कारंजा बघावं. तिथल्या लेकुर संघईंची आख्यायिका प्रसिद्ध आहे: व्यापाऱ्याची कस्तुरी कुणी घेईना, तेव्हा त्यांनी ती सगळी विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामात कालवली. ऐकायला सुंदर गोष्ट आहे. पण मला कारंजाच्या जैन मंदिरांतल्या पोथ्या जास्त मोलाच्या वाटतात. श्रीमंतांनी शास्त्रदान म्हणून लिहवून घेतलेल्या अशा पोथ्या शतकं सांभाळल्या गेल्या. गेल्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांनी त्या धुंडाळल्या, आणि १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेतून पुष्पदंताचं अपभ्रंश भाषेतलं काव्य छापून आलं. हजार वर्षांपूर्वीचा कवी पुन्हा वाचकांच्या हाती पडला. ज्यांच्या पैशातून कागद-शाई आली, त्यांतल्या बहुतेकांची नावं आज गावालाही माहीत नाहीत.

माणसाचं मोल भावावर किंवा नावावर ठरत नाही, म्हणून सुगी संपल्यावर प्रत्येक घरात एक संध्याकाळ हिशेबाची असावी असं मला फार वाटतं. पोरांसमोर, कारभारणीसमोर वही उघडावी. बियाण्याला किती गेले, सोंगणीला किती, ओलाव्यापायी किती कापले, कुणाची उधारी राहिली, सगळं मोठ्याने वाचावं. आयात कधी झाली तेही सांगावं. पोरीने विचारलं, “बाबा, मग तुमचं कुठे चुकलं?” तर तिच्याकडे बघून उत्तर देता यावं.