आईचा लॅपटॉप उठेना

थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकएंड म्हणजे आमच्याकडे लांबणीवर टाकलेली कामं उरकायचा मुहूर्त. २०२५ साली त्या यादीत सर्वांत वर होता आईचा लॅपटॉप. विंडोज १० ला सुरक्षेची नवी ठिगळं मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं होतं, आणि आई दर रविवारी त्याच लॅपटॉपवरून सांगलीच्या मावशीला ई-मेल पाठवते. (नाव नोंदवलं तर वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती. पण त्याने दुखणं फक्त पुढे ढकललं गेलं असतं.)

चिरंजीवांचा सल्ला सरळ होता. "बाबा, नवीन घेऊन टाक ना!"

आई म्हणाली, "अरे, चालतोय की! आणि ही अक्षरं ह्यांनी लावलीत."

इथे थोडं सांगायला हवं. लॅपटॉप अण्णांनी २००९ च्या मे महिन्यात सेलमध्ये घेतला. मग आठवडाभर खपून कागदावर बारीक देवनागरी अक्षरं काढली, कापली आणि इन्स्क्रिप्टच्या पद्धतीने चिकटवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'ळ' एनच्या बटणावर, शिफ्ट धरून. अण्णा २०१९ मध्ये गेले. चिरंजीवांनी एकदा आजीला टॅबलेट आणून दिला होता, तर तिने दोन मिनिटांत परत केला. "ह्यात माझा ळ सापडत नाही." तेव्हा नवीन घेण्याचा विषय तिथेच संपला.

मी वाय-टू-केच्या लाटेत इथे आलेला माणूस. कॉम्प्युटरवरच घर चाललं. म्हटलं, हाच लॅपटॉप ठेवून त्यावर विंडोज ११ चढवू. आईची सगळी कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली (मंडळी, एवढं तरी कराच) आणि कामाला लागलो.

पहिला नकार लगेच मिळाला. तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ चालवू शकत नाही, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर यादीत नाही, वगैरे. यादीत इंटेलचे २०१७ नंतरचे प्रोसेसर. आमचा तर पंजोबा. पण हा नकार म्हणजे व्हिसाच्या खिडकीवरच्या साहेबाचा नकार. कागद अपुरे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पेनड्राइव्ह तयार करतानाच ही तपासणी वगळण्याची सोय असते. ती वापरली आणि मोठ्या रुबाबात पेनड्राइव्ह लावला.

विंडोजचं चिन्ह आलं. पडदा काळा झाला. पुन्हा चिन्ह आलं. पुन्हा काळा.

ना निळा पडदा, ना चुकीचा क्रमांक. काही बोलतच नाही! बोलणारा नकार परवडला हो, त्याच्याशी भांडता तरी येतं.

शुक्रवार असा गेला: दुसरा पेनड्राइव्ह, दुसरं यूएसबी पोर्ट, बायोसमधली प्रत्येक सेटिंग बदलून पुन्हा जागेवर. शनिवारी बेसमेंटमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. रॅमच्या दोन पट्ट्या आळीपाळीने काढून पाहिल्या. रात्रभर मेमरी टेस्ट चालवली, एकही चूक नाही. हार्ड डिस्कच काढून ठेवली, तरी नेमक्या त्याच जागी कोलमडतो. म्हणजे डिस्क निर्दोष. सौ. दोनदा खाली डोकावून गेल्या. दुसऱ्यांदा नुसत्याच हसल्या.

रविवारी सकाळी डोक्यात प्रकाश पडला, आणि खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मी सारखा यंत्र बदलून पाहत होतो. चढवायची वस्तू बदलून पाहिलीच नव्हती. विंडोज १० चा पेनड्राइव्ह लावला, तो सुरळीत चालू झाला. विंडोज ११ चीच जुनी, २३एच२ ही आवृत्ती लावली. तीही चालू! म्हणजे यंत्र धडधाकट आहे, आणि जे बिघडतंय ते २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ पासून.

मग उलगडा झाला. प्रोसेसरला जन्मतः ठराविक आज्ञा समजतात. नंतर शिकवता येत नाहीत. त्यातली एक पॉपकाउंट: संख्या शून्य-एकच्या रूपात लिहिली की त्यात 'एक' किती, ते मोजून सांगते. २४एच२ पासून विंडोजला ही आज्ञा आणि एसएसई ४.२ चा संच लागतोच. इंटेलकडे त्या २००८ च्या अखेरीस कोअर आय-सेव्हनबरोबर आल्या, पण तो डेस्कटॉपसाठी. त्या पिढीचे लॅपटॉप २००९ च्या शेवटी येऊ लागले. अण्णांनी घेतला मे महिन्यात, आदल्या पिढीचा कोअर टू ड्युओ. अगदी सुरुवातीलाच न कळणारी आज्ञा समोर येते आणि तो कोसळतो. चूक लिहून दाखवायलाही वेळ मिळत नाही.

इथे खिडकीवर साहेब नव्हताच, त्यामुळे वशिलाही चालणार नव्हता. २३एच२ चढवता आली असती, पण घरगुती वापरासाठी तिची मुदतही ११ नोव्हेंबर २०२५ लाच संपलेली. एक मेलेली सोडून दुसरी मेलेली कशाला घ्या?

दुपारी लिनक्स मिंट चढवलं, हलक्या एक्सएफसीई पडद्याचं. चार जीबी रॅममध्ये तासाभरात उभं राहिलं. वायफाय ओळखेना, लांब केबल ओढून, ड्रायव्हर उतरवून तेही मार्गी लावलं. इन्स्क्रिप्ट त्यात होतंच. आईची कागदपत्रं परत ठेवली. दोन-चार ठिकाणी ओळी सरकल्या, त्या तिला मागाहून दाखवेन म्हटलं.

संध्याकाळी आई शाल गुंडाळून आली. रंग बदललाय, चित्र बदललंय, हे तिने पाहिलं. बोलली काही नाही. चष्मा लावला. एनच्या बटणावरचा अण्णांचा कागद एका कोपऱ्यात सुटलाय, तो तिने आधी नखाने दाबून बसवला. मग शिफ्ट धरून बटण दाबलं.

ळ.

आणखी दोनदा दाबलं. ळळ.

"बरं," ती म्हणाली. "आता ते मावशीच्या पत्राचं कुठे उघडायचं ते सांग. आणि तुझा तो स्क्रू-ड्रायव्हर उचल इथला."