नग एक

आबांची वही करड्या पुठ्ठ्याची. दर पाडव्याला गुढी उभी राहिली की ते ओसरीवर चष्मा पुसत बसायचे आणि घरातल्या सामानाची मोजदाद करायचे. वस्तू, नग, स्थिती असे तीन रकाने. स्थितीत दोनच शब्द, ‘चालू’ नाहीतर ‘बाद’. पलटणीत किट लावायची शिस्त सतरा वर्षांत अंगात मुरली, ती खटाव तालुक्यातल्या आमच्या रानात पुढं पंचेचाळीस वर्षं टिकली. मग एका पौषात आबा गेले. त्यानंतरच्या पाडव्याला वही घेऊन मी बसले. आजी शेजारी होती.

काळी ट्रंक, नग एक, चालू. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि ‘हवालदार’. तिरप्या उन्हात त्याखालचा खरवडलेला ‘नाईक’ अजून वाचता येतो. बढती मिळाली तेव्हा अक्षरं बदलली, ट्रंक तीच राहिली. कुलूप लागणारी घरातली ही एकच जागा, म्हणून जमिनीचे उतारे, आजीची लग्नातली साडी आणि मेडलं तिच्यात एकत्र नांदली. मेडलांत एक पूर्वी स्टार आहे. आबांनी तो छातीवर लावलेला मी एकदाच पाहिला, २६ जानेवारीला, माझ्या शाळेत.

बिस्तरबंद, नग एक, बाद. पट्टे उंदरांनी खाल्ले.

पट्ट्या, जोडी एक. बुटाच्या वर, घोट्याला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या. एकीवर हळदीचा डाग आहे. नांगरटीत सर्जाचा पाय फाळानं कापला तेव्हा आबांनी जखमेत हळद दाबून वरून ही पट्टी बांधली. बाबा सांगतात, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला, टोक आत खोचलेलं, आणि तेवढा वेळ बैल जागचा हलला नाही. सर्जा त्यानंतर आठ वर्षं औताला चालला. पट्ट्यांपुढं दर साली ‘चालू’ आहे. मीही तेच लिहिलं.

आंतरदेशीय पत्रं, सुतळीत बांधलेली, नग सदतीस. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून नंबर, नाव, पलटण आणि ‘केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.’. शेवटच्या काही पत्रांवर ५६ च्या जागी ९९. माणूस कुठल्या डोंगरावर आहे, कुठल्या नदीकाठी आहे, ते घरच्यांनाही कळू नये अशीच ती सोय. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन उंबऱ्यावर टेकून मोठ्यानं वाचायचा. त्यामुळं नवऱ्याचं पत्र तिला सासूसमोर, सासऱ्यासमोर, निम्म्या आळीसमोर ऐकावं लागायचं. त्यावर आबांनी एक खूण ठरवली होती. पत्रात बैलांची चौकशी दोनदा आली, की दुसरी चौकशी तिच्यासाठी. मी सगळी पत्रं पुन्हा वाचली. सदतीसपैकी एकतीस पत्रांत बैलांची चौकशी दोनदा आहे.

तारेचा कागद, नग एक. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराची मागची भिंत बसली, माणसं आणि जनावरं वाचली. पणजोबांनी वडूजला जाऊन तार केली, ‘सर्व सुखरूप’. ती आबांच्या हातात सहाव्या दिवशी पडली. मधले पाच दिवस त्यांनी कसे काढले ते कधी सांगितलं नाही. कागद मात्र जपला. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाल्याची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा ते उठले, ट्रंक उघडली, कागद जागेवर आहे हे पाहिलं आणि परत येऊन बसले.

बेलचा, नग एक, चालू. हा सरकारी नव्हे, सरकारचं सामान सरकारला जमा करूनच माणूस घरी येतो. हे वडूजच्या बाजारातलं साधं खोरं. पण आबांच्या तोंडी कुदळ म्हणजे गैंती आणि खोरं म्हणजे बेलचा, आणि पाटाला पाणी सोडताना आम्हीही तेच म्हणायला शिकलो. त्यांची पलटण म्हणजे पहिली मराठा, जंगी पलटण, १७६८ साली उभी राहिलेली. १९७१ च्या डिसेंबरात ती आताच्या बांगलादेशात जमालपूरला होती. शरण या, असं पत्र ब्रिगेडिअर क्लेर यांनी मुक्तिवाहिनीच्या एका माणसाहाती पाकिस्तानी तळावर धाडलं, आणि उत्तराबरोबर कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी परत आली. १० तारखेच्या रात्री तळावरची फौज टांगाईलच्या रस्त्यानं निसटू पाहत होती. त्या रस्त्यावर मराठे मोर्चे खणून बसले होते. ११ तारखेला जमालपूर पडलं. भूकंपाची आणि या दिवसाची तारीख एकच, मध्ये चार वर्षं. आबांनी आपण होऊन ही जुळणी कधी काढली नाही, मला ती वहीतून कळली.

त्या रात्रीबद्दल गावकऱ्यांनी खूप विचारलं. सांगायचे ते मातीबद्दल. ब्रह्मपुत्रेच्या काठची ती माती, तिच्यात एक खडा नाही, बेलचा टाकला की लोण्यात सुरी जावी तसा आत. भात कापून झालेलं, खुंटं उभी. कमरेएवढं खणलं की खाली ओल लागायची. “असं रान,” ते म्हणायचे, “आणि आपण त्यात मोर्चं खणत हुतो.” आमच्या रानात दोन वीत खाली मुरूम लागतो. मला वाटतं, त्या रात्री त्यांच्यातला शेतकरी जितका जागा होता तितकाच शिपाई, आणि दोघांपैकी कुणाला झोपायला सांगावं हे त्यांना पुढं कधी कळलं नाही.

नाडा, नग एक, बाद. मोटेचा हा जाड दोर. मोट स्वतः कधीच गेली, तिचं चामडं कुजलं. चाकाचे खांब चोरीला गेले. बैल ज्या उतारावरून मागंपुढं चालायचे त्या धावेवर आता बाभळी आहेत. थारोळ्याचे घडीव दगड मात्र शाबूत आहेत, त्यावर आई धुणं धुते. १९७६ ला आबा पेन्शनीवर आले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी किर्लोस्करचं पाच घोड्यांचं डिझेल इंजिन घेतलं. त्याचा हँडलही आहे, नग एक. इंजिन भंगारात गेलं तेव्हा तेवढा त्यांनी काढून ठेवला.

कंदील, नग दोन, काच एकालाच. पेवात उतरायच्या आधी हा दोरीनं खाली सोडायचा. विझला तर आत हवा वाईट आहे, थांबायचं. “आधी कंदील, मग माणूस.” पेव बुजवून तिथं आता गोबरगॅस आहे.

तिवडा, वावडी, चार शिवळा, एक सापती. सगळं बाद. खळं पडायचंच थांबलं.

तिफण, नग एक, चालू. जमिनीला लागून तिला पंधरा वर्षं झाली, ट्रॅक्टरमागचं पेरणीयंत्र तासाभरात एकर उरकतं. तरी तिच्या चाड्याला दर उन्हाळ्यात आबा तेल पाजायचे. हस्ताच्या पावसावर मालदांडी शाळू पेरायचा. आबा हाकणार, आजी चाड्यावर मूठ धरणार. मूठ सैल सुटली तर दाट पडतं, आवळली तर विरळ. पेरताना काही दिसत नाही. उगवून आलं की सगळ्या शिवाराला दिसतं. आमचा शाळू बघायला माणसं बांधावर थांबायची, ते आबांच्या सरळ तासांसाठी, असं गावात म्हणतात. मूठ आजीची होती, हे कुणी म्हणत नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवते. तास वाकडा गेला तर आबा बैल थांबवून स्वतःलाच हुकूम द्यायचे, “जैसे थे!” परेडवरचा हा शब्द. हालचाल चुकली, आधीच्या जागी या, पुन्हा सुरू करा. माझा पाढा अडखळला तरी तेच. त्यात राग नसायचा. पहिल्यापासून म्हणायला मिळायचं, एवढंच.

फेटा, नग एक, अबोली. तो घालून ते मला अपशिंग्याला घेऊन गेले होते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं कामी आली. स्मारकासमोर आबांनी मला चपला काढायला लावल्या. देवळातसुद्धा ते इतके गप्प उभे राहत नसत.

हातोडी, नग एक, चालू. ही लहान आहे, दांडा हाताच्या घामानं काळा पडलेला. १९७२ चा दुष्काळ. घरात सासू-सासरे, दोन नणंदा, दावणीला चार जनावरं, आणि मनिऑर्डर पुरत नव्हती. आजी कडेवरचं पोर सावलीत ठेवून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांतली ती एक. खायला मिलो, कामावर सुकडी. त्याच उन्हाळ्यात आबा रजेवर आले. घराला कडी होती. विचारत विचारत ते रस्त्यावर पोचले तेव्हा शेदीडशे बायका डोक्यावर पदर घेऊन खडी फोडत होत्या, आणि त्यांना आजी ओळखू आली नाही. तिनं ओळखलं. ढाक्यापर्यंत जाऊन आलेला माणूस बिस्तरबंद तसाच टाकून तिच्या ढिगाशी बसला आणि रजेचे उरलेले सगळे दिवस रोज तिथं गेला. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं, ब्रास तिच्या नावावर चढले.

वहीत एकोणतीस पाडवे हातोडीपुढं ‘चालू’ आहे. मी वाचलं तशी आजी म्हणाली, “ती ह्यांच्या सामानात कशापायी? माझी हाय ती. काट.”

मी ओळ खोडली. आजीनं हातोडी उचलली आणि सुटलेल्या शेळीची मेख ठोकायला परड्यात गेली.