अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी

खंबाटकी घाट चढताना गिअर उतरवला की माझ्या गाडीच्या स्पीकरमधून शिट्टी यायची. तिसऱ्या गिअरमध्ये बारीक, दुसऱ्यात कर्कश. इंजिन जितकं पळेल तितका तिचा सूर वर. मागे मुलाचा मारिओ नाणी गोळा करतोय आणि पुढे ही शिट्टी.

मुलाकडे निन्टेन्डो स्विच आहे, आत्याने दुबईहून आणलेला. पुण्याहून रत्नागिरीला आंबा घाटाने जायचं म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा गाडीत जातो. हेडफोन लावला की पोरगं गाडीत असून नसल्यासारखं. काढला की त्या इवल्या स्पीकरचा चरचराट. म्हणून आवाज गाडीच्या स्टीरिओतून काढायचं मीच ठरवलं. आधी ब्लूटूथ. स्विचला ब्लूटूथवरून आवाज ऐकवण्याची सोय सप्टेंबर 2021 च्या अपडेटमध्ये मिळाली. जोडलं, लागलं, पण मारिओने उडी मारली की उडीचा आवाज तो खाली टेकल्यावर! ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून पाठवतात, पलीकडे उलगडतात, गाडीचा स्टीरिओ वर थोडा साठवून ठेवतो, त्यात उशीर होतो. गाण्याला ते कळत नाही, गेमला लगेच कळतं. स्टीरिओच्या यूएसबीत वायर खुपसली तर नुसतं चार्जिंग, तेही खेळता खेळता बॅटरी उतरतच राहील इतकं मंद. मग राहिली साधी ऑक्सची वायर. स्विचच्या हेडफोनच्या भोकातून गाडीच्या ऑक्सच्या भोकात. चार्जिंगला सिगारेट लायटरचा सॉकेट. आवाज झकास, आणि वर ही शिट्टी.

गाडी वॉरंटीत होती म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली. नवरा बरोबर आला होता, कारण नंतर आम्हाला लग्नाला जायचं होतं. जॉबकार्डवर तक्रार मी लिहून दिली, गाडी माझ्या नावावर, चालवते मी. नवऱ्याला क्लच कुठल्या पायाने दाबतात विचारलं तर तो जरा विचार करेल. सल्लागाराने माझं सगळं ऐकलं आणि उत्तर नवऱ्याला दिलं. “सर, बाहेरचं डिव्हाइस आहे ना, त्याचा प्रॉब्लेम असणार.” मी म्हटलं, गेम काढून माझा फोन लावला तरी शिट्टी येते. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, “सर, फोनपण बाहेरचाच ना.” मी म्हटलं, दोन मिनिटं गाडीत बसा, मी रेस देते, तुम्ही ऐका. बसला नाही. आयडलिंगवर बाहेर उभा राहून, काच खाली करून ऐकलं आणि “नॉर्मल आहे” म्हणाला. आयडलिंगला ती शिट्टी डासाएवढीच असते, हे मी कार्डावर लिहिलं होतं. शेवटी, “सर, मॅडमना सांगा, गेम लावूच नका. नाहीतर टचस्क्रीनवाली नवी सिस्टिम बसवून घ्या.” आणि बिलात तपासणीचे पैसे. नवरा, बिचारा, “हो हो” म्हणत होता. परतताना गाडीत त्याच्याशी मी बोलले नाही, ते अन्यायाचं होतं हे मान्य, पण “हो हो” कशाला?

मावसभाऊ नाटकांना साउंड देतो. त्याला फोनवर शिट्टी ऐकवली. त्याने एकच विचारलं, “ताई, चार्जर उपटलास की जाते का?” उपटला. गेली. इतकंच! त्याच्या धंद्यात हे रोजचं दुखणं, ग्राउंड लूप. अल्टरनेटर मुळात एसी वीज बनवतो, डायोडमधून ती डीसी होते, पण थोडी थरथर उरतेच, आणि इंजिन पळेल तशी ती थरथर वेगवान होते. चार्जरचं निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला एका ठिकाणी जोडलेलं, स्टीरिओचं दुसऱ्या ठिकाणी, आणि या दोन ठिकाणांत किंचित व्होल्टेजचा फरक. ऑक्सच्या वायरने ती दोन टोकं परत एकमेकांना जोडली जातात, वायरीच्या जाळीतून नको तो प्रवाह वाहतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर इमानेइतबारे तोही मोठा करून ऐकवतो. म्हणजे डिव्हाइस चांगलं, स्टीरिओही चांगला. उपाय म्हणजे ऑक्सच्या वायरीत मध्ये बसणारी एक डबी, आयसोलेटर. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, डाव्या-उजव्या आवाजाला एकेक. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, धातूला धातू लागतच नाही. स्वस्त डबीत ढोलाचा खर्ज थोडा मरतो, पण मारिओला खर्ज कशाला हवा? किंमत त्या तपासणीच्या पैशांपेक्षा कमी.

कुणाला करायचं असेल तर डबी घेण्याआधी चार्जर उपटून बघा. तरीही शिट्टी राहिली तर दोष दुसरीकडे आहे, डबीवर पैसे घालू नका. आणि कन्सोलचा आवाज मोठा, स्टीरिओचा लहान ठेवा. उलटं केलं की खरखर फुगते.

शिट्टी गेल्यावर गाडीत तो आनंदी बँडबाजा इतका स्वच्छ ऐकू यायला लागला की साताऱ्यापर्यंत माझं डोकं उठतं. एकच धून, पुन्हा पुन्हा. परवा मीच मुलाला म्हटलं, हेडफोन लाव. तो म्हणाला, “तूच तर जोडलंस ना!” लावला नाही.

शिवाय स्टीरिओ ऑक्सवर असला की माझ्या गाडीत फोनवरच्या नकाशाची बाई मुकी होते. कराडला हायवे सोडून मलकापूरकडे वळायचं ते नवरा सांगतो, बहुतेक वेळा फाटा मागे पडल्यावर.