चौथी सीट

"ठाण्याला डॉक्टरांकडे जायचंय," एवढंच मी म्हटलं होतं. डोंबिवलीहून गाडी सुटली तेव्हा आई खुशीत होती, खिडकीतून खाडी बघत होती. ठाणं आलं तसा तिने दारातला दांडा घट्ट धरला. "मला वेडी ठरवताय होय?" मागच्या बायका खोळंबल्या. "उतरा हो आजी," म्हणत कुणीतरी रेटलं, आणि आम्ही दोघी फलाटावर आलो.

चूक माझीच. आमच्याकडे 'ठाण्याला नेणं' याला दुसरा अर्थ आहे. तिथलं मनोरुग्णालय 1901 सालचं. पुढे कधीतरी शहराचं नावच टोमणा होऊन बसलं. आई स्वतः गाडीतल्या मैत्रिणींना हसत म्हणायची, "जास्त बोललीस तर ठाण्याला उतरवीन." नातवाचं नाव गेलं, गॅस बंद करायचं गेलं, पण तो टोमणा शाबूत होता. दहा मिनिटांवरच्या दवाखान्यात पोचायला आम्हाला तास लागला.

त्याच 1901 साली फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात आउगुस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. आलोइस अल्झायमर तिला नाव विचारत, लिहायला सांगत. अडखळली की ती म्हणे, मी स्वतःला हरवून बसले आहे. तिच्या मेंदूवर त्यांनी 1906 मध्ये ट्यूबिंगेनला व्याख्यान दिलं आणि पुढे आजाराला त्यांचं नाव लागलं. मला मात्र त्या बाईचं बोलणंच राहून राहून आठवतं. पुरती हरवलेली असती, तर हे सांगायला कोण उरलं असतं?

आपले शब्द पाहा. 'साठी बुद्धी नाठी'मध्ये निदान यमकाची गंमत आहे. 'म्हातारचळ'मध्ये तीही नाही. 'स्मृतिभ्रंश' हा सभ्य, रिपोर्टात शोभणारा शब्द. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो भेटतो तो घसरणीच्या वाटेवर: क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. शिवाय 'भ्रष्ट' हा त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे विसरणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार, हा वास काही जात नाही. माझा भाऊ 'आज रेंज नाही' म्हणतो, मावशी 'दुसरं बालपण'. मावशी आली की "शाणी गं माझी बाय" करत भरवायला बसते. 34 वर्षं लेखा विभागात दुसऱ्यांच्या बेरजा तपासलेल्या आईने एकदा वाटी बाजूला सारली. "मला कळतं हं." मावशी गॅलरीत जाऊन रडली.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात संस्कृतचे प्रकांड पंडित एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. भूमिका मोहन आगाशे यांची, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. माहुताची बायको, म्हणजे अमृता सुभाष, त्यांना सांभाळते. त्यांची विद्वत्ता तिला ठाऊकच नाही, त्यामुळे काय काय गेलं याचा हिशेब तिच्याकडे नाही. मी तो रोज रात्री मांडते. लेखा विभाग घरात वारशाने आलाय म्हणायचं.

माझी स्वतःची उपमा बोगद्याची. पारसिकचा बोगदा 1916 चा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. पूर्वी फास्ट लोकल त्यातूनच जायच्या. गाडी आत शिरली की आवाजात बोलणं अर्ध्यावर थांबायचं आणि बाहेर पडलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू. आईचंही तसंच चाललंय, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं. फार सोयीची उपमा, कारण बोगद्याला दुसरं तोंड असतं. डॉक्टर तसलं काही बोलले नव्हते.

संध्याकाळी ती मेथी निवडते, परतीच्या गाडीत निवडायची तशीच, मांडीवर पिशवी उघडी धरून. मधेच विचारते, "दिवा गेलं का गं?"

पूर्वी मी सांगायचे, "आई, आपण घरात आहोत." त्यावर ती दचकून दाराकडे बघायची, आपलं स्टेशन सुटलंच म्हणून. आता सांगते, "नाही, अजून बोगदा यायचाय." मग ती निवांत होते.

काल मी चहा घेऊन समोर उभी होते. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. कोण ते काही लागलं नाही. तीन माणसांच्या सोफ्यावर ती एकटीच होती, तरी अंग चोरून आत सरकली आणि कडेची चार बोटं जागा हाताने थोपटली.

"टेक गं, दमली असशील. चौथी सीट होईल."

मी टेकले, अर्धी अधांतरी. तिने मेथीची अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली.